घरगुती प्रोजेक्टरला पॅनेल कुठलं: फोनचं टू-के की दहा इंची साधं?

विश्रामबागवाला:
स्पष्टच लिहितो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. घरी प्रोजेक्टर बनवायचा असेल तर फोनसाठी बनलेलं साडेपाच इंची टू-के (१४४० बाय २५६० पिक्सेलचं) एलसीडी पॅनेल घेऊ नका. १०.१ इंची, १२८० बाय ८०० चं, ग्लॉसी (चकचकीत), साधं पॅनेल घ्या. उरलेले पैसे भिंगांवर आणि पंख्यांवर घाला.

ज्यांना रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मागे १०० वॉटची सीओबी एलईडी (एकाच पट्टीवर अनेक बारीक एलईडी), तिच्यापुढे जाड भिंग, मग एक फ्रेनेल (गोल खाचांचं पातळ, सपाट भिंग), मग बॅकलाइट काढून टाकलेलं नुसतं एलसीडी, मग दुसरी फ्रेनेल आणि शेवटी प्रोजेक्शन लेन्स. पॅनेल इथे स्वतः उजळत नाही. मागून आलेला प्रकाश अडवायचा किंवा सोडायचा, एवढंच त्याचं काम.

आणि ते सोडतं किती, हाच खरा प्रश्न आहे. अशी एलईडी नऊ-दहा हजार लुमेनची (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) म्हणून विकली जाते. त्यातला फार तर तिसरा हिस्सा भिंगात सापडतो. पुढे पॅनेलमध्ये पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणारी फिल्म) निम्म्याहून जास्त खातो, रंगाचे फिल्टर उरलेल्यातला दोन तृतीयांश, आणि पिक्सेलांमधली काळी जाळी आणखी थोडा. रंगीत एलसीडीतून साधारण ५ ते ८ टक्केच पार होतो. लेन्सचं नुकसान धरून पडद्यावर दीडशे लुमेन पडले तरी नशीब समजा. पिक्सेल जितके बारीक तितकी जाळी जास्त जागा अडवते. म्हणजे ज्या टू-के, फोर-केसाठी जादा पैसे मोजायचे तेच आपला प्रकाश कमी करणार.

दुसरी गोष्ट उष्णतेची. दहा इंची पॅनेलचं क्षेत्रफळ साडेपाच इंचीच्या साडेतीन पट भरतं. अडलेला प्रकाश पॅनेलमध्येच उष्णता होऊन बसतो, आणि तो छोट्या काचेवर एकवटला की मधोमध काळा डाग येतो. बंद करून गार झाल्यावर डाग जातो. पोलरायझर पिवळा पडला तर मात्र तो कायमचा. आणि हे सगळं मे महिन्यातल्या सांगलीत, जिथे पंख्याची हवाच गरम.

कुपवाड_शेड:
हिशोब पटला, निकाल नाही पटला.

दहा इंची पॅनेल म्हणजे सव्वातीनशे मिलिमीटर फोकलची लेन्स, तेवढ्याच दांडग्या फ्रेनेल आणि दोन फुटांची पेटी. ती उचलून गच्चीवर नेणार कोण? साडेपाच इंचीला १८० मिलिमीटरची लेन्स पुरते आणि पेटी निम्म्यावर येते. पडदा दोन्हीकडे सहा फुटीच, अंतरही दोन्हीकडे दहा फुटांच्या आसपास.

आता ठिपक्यांचं. सहा फुटी पडद्यावर १२८० पिक्सेल म्हणजे एकेक ठिपका १.४ मिलिमीटरचा. चांगल्या डोळ्याला अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखू येतो. बारा फुटांवरून ते साधारण एक मिलिमीटर होतं. म्हणजे तुमची जाळी पुढच्या रांगेला दिसणार. पिक्चर बघताना चालून जाईल, पण मी शेडमध्ये पोरांना मशीनची ड्रॉइंग दाखवतो. त्यातले आकडे वाचता आले नाहीत तर नुसता उजेड काय चाटायचा?

उष्णतेवर उपाय आहे. पॅनेलच्या दीड-दोन इंच आधी काचेवर पोलरायझरची वेगळी फिल्म लावून उभी करायची आणि जास्तीत जास्त उजेड येईल तिथपर्यंत फिरवून पक्की करायची. जो निम्मा प्रकाश पॅनेलचा मागचा पोलरायझर खाणार होता तो आधीच तिथे अडतो. फिल्म करपली तर बदला, पॅनेल शाबूत.

विश्रामबागवाला:
फिल्म चांगली युक्ती आहे, पण फुकट नाही. जुळवून लावली तरी थोडा उजेड खातेच, आणि आपल्याकडे मुळात दीडशे लुमेनचा जमाखर्च.

शिवाय फोनचं पॅनेल मुळात उभं: १४४० रुंद, २५६० उंच. त्याचा एमआयपीआय-एचडीएमआय बोर्ड (एचडीएमआयचा सिग्नल फोनच्या पॅनेलला चालेल असा करणारा) बऱ्याचदा सिग्नलही तसाच उभा मागतो. कॉम्प्युटरवर सेटिंगमध्ये चित्र फिरवता येतं. टीव्हीच्या बॉक्सला जोडलंत तर कुशीवर झोपून बघावं लागेल.

गावभागातला:
काय ओ, एवढा कुटाणा कशाला करायलाय? भिंगं, पॅनेल, बोर्ड, एलईडी, ड्रायव्हर, पंखे, सगळं मिळून जेवढं होतंय तेवढ्यात कंपनीचं तयार सेकंडहँड डीएलपी प्रोजेक्टर मिळतंय की. दोन-अडीच हजार लुमेन. लावलं की चालू.

कुपवाड_शेड:
मिळतंय. पण मेन्यूत जाऊन दिव्याचे तास बघूनच घ्या. दिवा संपत आलेला असेल तर नव्या दिव्याच्या किमतीला मशीन महागात पडतं, आणि बारक्या मॉडेलचा दिवा कधी कधी मिळतही नाही. आमची एलईडी गेली तर नवी बसवायला अर्धा तास. लाइट गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालते, ते वेगळंच.

गावभागातला:
लाइटीचा मुद्दा घेतला. बाकी माझं मत तेच.

मिरज_जंक्शन:
तुम्ही दोघं रिझोल्यूशनवर भांडताय. माझ्या मते पॅनेल निवडताना ती शेवटची गोष्ट. पहिली गोष्ट, त्याचं सर्किट बोर्ड कुठे आहे आणि ते सरळ होतं का.

पॅनेलच्या कडेला बदामी रंगाच्या पातळ पट्ट्या असतात, प्रत्येकीवर एक लांबुळकी चिप. त्या काचेला सोल्डरने नाही, गरम दाबून चिकटवलेल्या असतात. बऱ्याच मॉनिटरमध्ये बोर्ड त्या पट्ट्यांवर दुमडून पाठीमागे नेलेलं असतं. बॅकलाइट काढला की ते बोर्ड उलगडून बाजूला घ्यावं लागतं, नाहीतर त्याची सावली थेट चित्रात. उलगडताना एक पट्टी काचेपासून सुटली की पडद्यावर उभा पट्टा आलाच, आणि तो घरी दुरुस्त होत नाही. जुन्या पंधरा इंचीत तर दोन बाजूंची बोर्डं जोडणारी केबल इतकी आखूड की ती वाढवल्याशिवाय पॅनेल मोकळं होत नाही. लॅपटॉपच्या स्लिम पॅनेलमध्ये बोर्ड बहुधा खालच्या कडेला सपाट बाहेर आलेलं असतं. काही करावं लागत नाही.

दुसरी गोष्ट मॅट की ग्लॉसी. मॉनिटरची बहुतेक पॅनेलं मॅट. तो खरखरीत थर प्रकाश विस्कटतो. अक्षरांच्या कडा मऊ होतात आणि काळा रंग राखाडी. ओला टिश्यू रात्रभर ठेवून थर सोलायची युक्ती सगळे सांगतात. पण तो थर पोलरायझरचाच वरचा पापुद्रा असतो. ओढताना पोलरायझरही उचलला गेला की चित्रच गेलं.

आणि भंगारातून घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आपल्याकडे भिजलेले मॉनिटर ढिगाने भंगारात गेले, त्यातले पुसून आजही फिरतात. दुकानात चालू दिसतं, पण बोर्डाच्या कडेला हिरवट गंज असेल तर काही दिवसांनी रेघा सुरू होतात. बेझल (कडेची चौकट) उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

टीएन की आयपीएस (एलसीडीचे दोन प्रकार) यावर मात्र वेळ घालवू नका. टीएनची तक्रार काय, तर बाजूने बघितलं की रंग बदलतो. इथे पॅनेलकडे कोणी बघतच नाही, सगळे पडद्याकडे बघतात. टीएन चालेल. स्वस्त पडतं आणि उजेडही बऱ्याचदा जास्त सोडतं.

विश्रामबागवाला:
बोर्डाचं पूर्ण मान्य. टीएनचं नाही.

पॅनेल दोन फ्रेनेलच्या मध्ये असेल तर प्रकाश त्यातून सरळ जातो, तिथे तुमचं खरं. पण निम्मे लोक पैसे वाचवायला पॅनेलच्या मागे एकच फ्रेनेल लावतात, प्रकाश लेन्सकडे गोळा करणारी. तेव्हा मधला प्रकाश सरळ आणि कोपऱ्यातला तिरका जातो. दहा इंची पॅनेल आणि सव्वातीनशेची लेन्स धरा, कोपऱ्यात वीस अंशांच्या आसपास तिरकस होतो. टीएन आडव्या दिशेने सोसतं, उभ्या दिशेने नाही. एक कड फिकी, समोरची कड काळवंडलेली. पडद्याकडेच बघा ना, तिथेच दिसेल.

मिरज_जंक्शन:
एकच फ्रेनेल लावणाऱ्याने दुसरी आणावी. पॅनेल बदलण्यापेक्षा स्वस्त पडते. आणि दोन्ही पॅनेलपासून इंचभर तरी लांब ठेवा. चिकटवल्या तर त्यांची वर्तुळं चित्रात येतात आणि हवाही खेळत नाही.

तासगावचा_नवशिका:
नमस्कार सर्वांना. थ्रीडी प्रिंटरच्या सुट्या भागांमध्ये ८.९ इंची फोर-के मोनो पॅनेल एचडीएमआय बोर्डासकट मिळतंय. आकारही मोठा, रिझोल्यूशनही भरपूर, आणि लिहिलंय की प्रकाश जास्त सोडतं. मग तुमचं भांडणच मिटलं की नाही?

कुपवाड_शेड:
नाही मिटत दादा. मोनो म्हणजे त्यात रंगाचे फिल्टरच नाहीत, म्हणून तर उजेड जास्त. त्या प्रिंटरमध्ये रेझिन (द्रव प्लॅस्टिक) कडक करायला ४०५ नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश नुसता अडवायचा-सोडायचा असतो, तिथे रंगाची गरज नाही. तुमच्या पडद्यावर सगळं काळं-पांढरं दिसेल.

गावभागातला:
जुने मराठी पिक्चर बघा की मग त्याच्यावर, पैसे वसूल.

विश्रामबागवाला:
हसण्यावारी नेऊ नका, मोनो पॅनेल हा माझ्याच मुद्द्याचा पुरावा आहे. रंगाचे फिल्टर काढले की उजेड कितीतरी वाढतो, म्हणजे अडथळा कुठे आहे ते कळतं. कंपनीचे थ्रीएलसीडी प्रोजेक्टर तेच करतात: लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाला तीन वेगळी पॅनेलं, फिल्टरची गरजच नाही. आपल्याला घरी ते जुळवणं झेपणार नाही. म्हणून एका पॅनेलवर जेवढा उजेड वाचवता येईल तेवढा वाचवायचा.

कुपवाड_शेड:
त्याच न्यायाने २०१५ च्या सोनी एक्सपिरिया झेड-फाइव्ह प्रीमियमचं साडेपाच इंची फोर-के पॅनेल प्रोजेक्टरला घालणारे वेडे म्हणायला हवेत. तेवढं तर मीही म्हणतो. पण टू-के आणि फोर-केला एकाच दावणीला बांधू नका. पडदा पाच फुटी ठेवा, खोली अंधारी ठेवा, टू-के झकास दिसतं.

तासगावचा_नवशिका:
बरं, मोनो रद्द. सांगलीतल्या एका दुकानात दहा इंची ग्लॉसी पॅनेल आहे. दुकानदार बॅकलाइटसकट चालू करून दाखवायला तयार आहे, उघडून नाही. घ्यावं का? गल्लीच्या मंडळासाठी गणपतीत लावायचंय, मॅच आणि पोरांचे कार्यक्रम.

मिरज_जंक्शन:
चालू करून दाखवतोय तर अर्धं काम झालं. पूर्ण लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि काळा असे पडदे एकेक लावून बघा. रेघ असेल तर लगेच दिसते. मागच्या लेबलचा फोटो काढा. कंट्रोलर बोर्ड त्याच नंबरसाठी प्रोग्रॅम केलेला लागतो, नुसता कनेक्टर बसला म्हणून चित्र येत नाही. पट्ट्यांवर दाब येईल असं पॅनेल कडेला धरून उचलू नका, पुठ्ठ्यात सपाट घालून न्या. आणि मांडवात वरचे हॅलोजन बंद करायला मंडळ तयार आहे का ते आधी विचारा.

तासगावचा_नवशिका:
हॅलोजन बंद करायला अध्यक्ष ऐकायचे नाहीत.

विश्रामबागवाला:
मग मागच्या बाजूला पत्र्याच्या आडोशाला पडदा लावा, पाच फुटांच्या वर जाऊ नका. आठ फुटी केलात तर तोच उजेड अडीच पट जागेवर पसरेल.

कुपवाड_शेड:
आणि स्कोअर वाचता आला नाही तर फोनच्या पॅनेलवर बघायला माझ्या शेडमध्ये या.

गावभागातला:
माझ्या डीएलपीवर या, हॅलोजनसकट दिसतंय.