मँडरिन माशाचे रंग: धोक्याचा इशारा की आणखी काही?

शिंपला: पश्चिम पॅसिफिकच्या प्रवाळांत राहणारा मँडरिन मासा जेमतेम सहा-सात सेंटिमीटरचा. नारिंगी अंगावर निळ्या नागमोडी रेघा. खवले नाहीत, त्याऐवजी जाड बुळबुळीत थर; वास घाण, चव कडू. पोहण्याची घाई म्हणून नाही. पोटाखालच्या परांवर तळाशी सरपटत कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या नात्यातले बारीक जीव, टिपत बसतो. इतका संथ आणि इतका भडक मासा वाचतो कसा? रंगच बजावतो, तोंड लावू नका. यात वादाला जागाच नाही.

भरती_ओहोटी: भरपूर आहे! रंगाने इशारा देणारे विषारी बेडूक भर दिवसा उघड्यावर बसतात. तुमचे हे महाशय दिवसभर प्रवाळाच्या तुकड्यांखाली दडतात आणि सूर्य बुडताना बाहेर येतात. इशाऱ्याची पाटी कुणी कपाटात लावतं का? शिवाय पाण्यात तांबडा-नारिंगी आधी विरतो. दहा-पंधरा मीटरवर, तेही मावळतीला, भडकपणा कितीसा उरणार? फोटोत दिसतो तो फ्लॅशचा प्रताप.

शिंपला: नारिंगी विरेल, निळ्याचं काय? तो तर पाण्यात लांबवर पोचतो. आणि हा निळा साधासुधा नाही. बहुतेक प्राण्यांत निळा म्हणजे पेशींतल्या सूक्ष्म रचनेवरून परतलेला प्रकाश. याच्या त्वचेत मात्र खरंखुरं निळं रंगद्रव्य आहे. गोडा आणि फुजी या संशोधकांनी १९९५ मध्ये ते दाखवलं. एवढा खटाटोप उगाच?

निळी_रेघ: उगाच नाही, जोडीदारासाठी. संधिप्रकाशात नर-मादी अंगाला अंग लावून वर चढतात, अंडी सोडतात आणि झटकन सुटतात.

भरती_ओहोटी: मग दोघं सारखेच रंगीत का? नर ओळखायचा तो आकारावरून आणि पाठीवरच्या लांब काट्यावरून. माद्याही मोठाच नर पसंत करतात. रंगाचा संबंध कुठे आला?

निळी_रेघ: निवड नंतरची हो, आधी आपल्या जातीचा कोण ते कळायला नको? याचा जवळचा भाईबंद ठिपक्यांचा आहे, आणि फिलिपिन्सच्या पाण्यात दोन्ही सापडतात.

भरती_ओहोटी: हे पटण्यासारखं आहे. पण शिंपलाताई, कडूपणा वाचवतो हे मान्य. रंग वाचवतो हे दाखवा. तसाच रंगवलेला पण कडू नसलेला घास शिकारी माशापुढे ठेवा. त्याने तोंड फिरवलं तर बोलू.

शिंपला: ठेवा की. फक्त त्या शिकाऱ्याने आधी एकदा खरा मँडरिन चाखलेला हवा, नाहीतर त्याला इशारा कळणार कसा?