मदत हवी आहे: मेलेल्या तिमिंगिलातून लाव्हा कसा काढू?

मंडळी, एका दिवाळी अंकासाठी कुमारकथा लिहितोय आणि तिसऱ्या प्रकरणात गाडी रुतली आहे.

भर समुद्रात सात बेटांची रांग आहे. एकेक बेट म्हणजे एकेका तिमिंगिलाचं कलेवर (पुराणातला, तिमी माशालाही गिळणारा तो अजस्र जीव). म्हातारं झालेलं तिमिंगिल एका ठरलेल्या जागी येऊन तळाला टेकतं. त्याच्या पाठीतून धूर निघतो, पाठ हळूहळू पाण्याबाहेर येते, आणि काही पिढ्यांनी तिथे माड डोलायला लागतात. बेटावरचे लोक ज्वालामुखीला ‘फुंकणी’ म्हणतात. या शब्दावर मी स्वतःच खूश आहे, तो बदला म्हणू नका.

शनिवारी पंचवटीत बहिणीकडे गेलो होतो, तेव्हा सातवीतल्या भाचीला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मामा, मेलंय ना ते? मग गरम कसं?” मी काही बोलायच्या आत तिच्या आजीने आतून विचारलं, “आणि हाडं कशी राहतील? रामकुंडात अस्थी विरतात, मग समुद्रात नाही विरायच्या?” चहा पिऊन निमूट घरी आलो.

थोडं वाचलंय. हवाई बेटांखालचा तप्तबिंदू (खालची उष्णता वर येऊन जिथे ज्वालामुखी होतात ती जागा) साधारण जागच्या जागी असतो आणि वरचा भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा) वर्षाला सात ते दहा सेंटिमीटर सरकतो, म्हणून बेटांची रांग तयार होते. गंमत म्हणजे आपली पांडवलेणी ज्या काळ्या दगडात कोरली आहेत, तो दख्खनचा बेसाल्टही सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, आणि ज्या तप्तबिंदूशी त्याचं नातं जोडतात तो आज रियुनियन बेटाखाली आहे. लक्षद्वीप, मालदीव, चागोस ही त्याची वाटेतली खूण. म्हणजे रांगेचं कोडं सुटलं. पण मग त्यात जनावर हवंच कशाला? ते काढलं तर कथा संपली. जाणकारांनी सुचवावं.

बेसाल्टवेडा:
उष्णता जनावराची नाही, जागेची ठेवा. तिमिंगिल हा फक्त साचा. ते बरोबर भेगेवर येऊन निजतं आणि लाव्हा त्याच्याभोवती थिजतो. थाप मारतोय असं वाटेल, पण अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात 1935 साली बेसाल्टमध्ये एक पोकळी सापडली. आकार फुगलेल्या गेंड्याचा, आत काही हाडं. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी तो गेंडा पाण्यात मरून पडला होता, त्याच्यावर लाव्हा आला. पाण्यात लाव्ह्याचे उशांसारखे गोळे होतात आणि वरून पटकन थिजतात, म्हणून ठसा टिकला.

हाडांचं म्हणाल तर आजींना सांगा, रामकुंडात जातात त्या अस्थी आधी चितेतून आलेल्या असतात. आगीत मांस जातं, हाड उरतं.

खारीमुरी:
वरच्याला +१. पण आजींनाही सोडू नका. त्यांच्या शंकेवरच तुमच्या सात बेटांना वय देता येईल. सगळ्यात नव्या बेटाच्या गुहांत बरगड्या शाबूत, मधल्या बेटांवर भुगा, जुन्या बेटांवर नुसत्या रिकाम्या पोकळ्या. पाटीवर इसवी सन लिहायची गरजच नाही. खऱ्या देवमाशाचं कलेवर खोल तळाशी पडतं, तेव्हाही त्यावर कित्येक दशकं जीवसृष्टी जगते. त्यातले काही किडे तर हाडंच पोखरून खातात, त्यांना तोंडही नसतं आणि पोटही नसतं. तुमच्या बेटावरचे पहिले रहिवासी तेच.

आणि सगळ्यात जुनं बेट बुडवा. ज्वालामुखी खचत जातो, कडेचं प्रवाळ वर वाढत राहतं, शेवटी नुसतं कडं उरतं. हे डार्विनने 1842 सालीच मांडलंय.

गंगापूररोडकर:
मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही. पण तिमिंगिल त्याच जागी का येतं, ते कोणी विचारलंच नाही. म्हातारपणी हाडं ठणकतात हो! ऊब शोधत येत असेल. आमचे आजोबा डिसेंबरात बंबाशेजारून हलायचे नाहीत.

धागाकर्ता:
गंगापूररोडकर, बंबासाठी साष्टांग नमस्कार. तिसरं प्रकरण तिथूनच सुरू करतो. खारीमुरी, तुमच्या पोकळ्याही घेतल्या, आता मुलं त्यात लपाछपी खेळतील.

भाचीला फोनवर सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग आठवं कुठंय?” हे मात्र वाचलेलं होतं. हवाईच्या रांगेतही पुढचा ज्वालामुखी तयार आहे, त्याचा माथा अजून पाण्याखाली साधारण एक किलोमीटरवर आहे. म्हटलं, आलंय, नुकतंच निजलंय.

आता ते निजलंय हे वरच्या कोळ्यांना कशावरून कळेल? कोमट पाणी, मेलेले मासे, एवढंच सुचतंय. आणखी काही?