विषय: पुन्हा: लशीचं पत्रक – छपाई थांबवा, साखरपाण्याचं माप चुकलंय

वृंदाताई,
लस टोचताना तान्ह्या बाळाला कमी दुखावं म्हणून साखरपाणी द्यायचं, त्याचं माप पत्रकात "१ चमचा साखर, अर्धी वाटी पाणी" असं गेलंय. एवढ्या पातळ पाण्याचा काही उपयोग नाही, साखर जेमतेम ५ टक्के उरते. दवाखान्यात २४ टक्क्यांचं वापरतात. घरी करायचं तर १ चहाचा चमचा पांढरी साखर आणि २ चमचे (१० मिली) उकळून गार केलेलं पाणी. त्यातलं २ मिली, बिनसुईच्या सिरिंजने, जिभेच्या पुढच्या भागावर थेंबथेंब, टोचण्याआधी १-२ मिनिटं. गुण जिभेला लागलेल्या चवीचा आहे. एकदम घशात ढकललं तर वाया. बाहेर रांगेत बसल्या बसल्याही देऊ नका, ५-१० मिनिटांत असर ओसरतो.
– मीनल

---

मीनल, साखरेपेक्षा मधाचं बोट बरं नाही का? आपल्याकडे पूर्वापार चाटवतात. आणि पत्रकाचा मजकूर आधी आरोग्य गटाकडे यायला हवा, हे गणपतीच्या वेळीच ठरलं होतं.
– सुहास

---

काका, वर्षाच्या आत मध अजिबात नको. त्यात बोटुलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्याच्या आतड्यात ते वाढतात. गुळाचं पाणीही नको. गटाचं म्हणणं मान्य, पण ही ओळ आजच बदलायला हवी.
– मीनल

---

साखरेवर एवढी चर्चा, आणि जागेसाठी अंगावर पाजण्याची ओळच उडवली? ती सगळ्यात वर हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशींतही ती आहे. बाळ नीट लागलं, गिळण्याचा आवाज यायला लागला की मगच मांडीत सुई, आणि नंतरही काही मिनिटं पाजत राहायचं. सुई टोचताना नुसतं छातीशी धरून भागत नाही. ठसका लागेल या भीतीने आया थांबतात, पण तसं आढळलेलं नाही. टेबलावर उताणं झोपवू नका, मांडीवरच घ्या. मांड्या आधीच उघड्या ठेवा. नर्स समोर उभी असताना बटणं काढत बसलं की बाळ सुईआधीच रडतं. मालिशही त्या दिवशी नंतर, तेलकट मांडीवर पट्टी टिकत नाही.
– अंजली

---

तेलाचा मुद्दा बरोबर. पण इथे कॅनडात, ऑन्टारियोत दुसऱ्या महिन्यात रोटाचे (रोटाव्हायरसच्या जुलाबांवरच्या लशीचे) थेंबही असतात, त्यांचं काय? मग साखर दोनदा?
– सुहास

---

काका, रोटाची लस मुळातच गोड असते. म्हणून तीच पहिली मागा, १-२ मिनिटं थांबा, मग इंजेक्शनं. वेगळी साखर लागत नाही. डीटॅप-आयपीव्ही-हिब (घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, पोलिओ, हिब यांची एकत्र लस) आधी, न्युमोकॉकल (न्युमोनियाच्या जंतूंवरची) शेवटी. ती जास्त झोंबते. आधी दिली तर रडून लाल झालेल्या बाळाला दुसरी सुईही जास्तच लागते. हा क्रम नर्सला आत गेल्या गेल्या सांगायचा, सिरिंज उघडल्यावर नाही. सुई टोचून दट्ट्या मागे ओढायची जुनी पद्धतही आता नको म्हणतात, सुई जास्त वेळ आत राहून दुखतं.
– मीनल

---

आधीच पॅरासिटामॉल दिलं तर?
– प्राची

---

प्राची, नको. टोचण्याच्या कळेवर त्याचा उपयोग नाही, शिवाय आधी दिल्याने काही लशींना शरीराचा प्रतिसाद कमी होतो. पत्रक बिनऔषधी उपायांचंच राहू दे.
– अंजली

---

पाजण्याची ओळ वर घेतली, माप बदललं, मध नको हे ठळक केलं. थेंबांचा क्रम मावेना म्हणून प्रायोजकांची पट्टी खाली छोटी केली आहे. सुहासराव, मजकूर तुमच्याकडे पाठवलाय. नऊपर्यंत कळवा, दहाला छापखाना बंद होतो.
– वृंदा