नातवंडांना घेऊन इंग्लंडमध्ये फुटबॉलची मॅच: तिकीट, जागा आणि बाकीच्या भानगडी

मुलुंडकर आजोबा

नमस्कार मंडळी. एप्रिलअखेर ते ऑगस्टअखेर आम्ही दोघं लेकीकडे लंडनजवळ स्लाऊला असू. नातू ११ वर्षांचा, अर्सेनलचा परमभक्त. नात ६ वर्षांची, तिला फार गोंगाट सोसत नाही. लेक-जावई शनिवारी कामावर असतात, त्यामुळे मुलांना आम्हीच नेणार. वानखेडेची सवय आहे, पण तिथलं फुटबॉल फक्त टीव्हीवर पाहिलंय.

तिकीट कसं आणि किती आधी काढायचं? भारतातलं कार्ड चालतं का? चौघांना शेजारी जागा मिळतात का? हिचे गुडघे दुखतात, तेव्हा जिन्यांचंही सांगा. अर्सेनलच हवं असा नातवाचा हट्ट आहे, पण तो मोडता येईल.

---

थेम्सकाठचा

काका, तिकिटाच्या आधी कॅलेंडर बघा. तुमच्या मुक्कामातले जून-जुलै लीगच्या मॅचेससाठी पूर्ण कोरडे आहेत. चॅम्पियनशिप (दुसऱ्या पातळीची लीग) आणि खालच्या दोन लीग मेच्या सुरुवातीला आटोपतात, सगळ्यात वरची प्रीमियर लीग मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. एप्रिलअखेर-मेमधल्या मॅचेसवर कोण वर चढणार, कोण खाली घसरणार हे ठरतं, म्हणून तिकिटांची मारामार. पुढचा हंगाम खालच्या लीगमध्ये ऑगस्टच्या सुरुवातीला आणि प्रीमियर लीगमध्ये मध्याच्या सुमारास सुरू होतो.

तुमच्यासाठी ऑगस्टच बरा. शाळांना सुट्टी, संध्याकाळी उशिरापर्यंत उजेड, आणि त्याच महिन्यात लीग कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या पहिल्या फेऱ्या. या फेऱ्यांना मैदानं क्वचितच भरतात, त्यामुळे बरेच क्लब मुलांची तिकिटं अगदी नाममात्र दरात देतात. फक्त त्या मॅचेस बहुतेक आठवड्याच्या मधल्या रात्री पावणेआठ-आठला असतात. घरी परतेपर्यंत ६ वर्षांची मुलगी खांद्यावर झोपलेली असणार, हे धरून चला.

जुलैत सरावाच्या मैत्रीपूर्ण लढती होतात. मोठा क्लब गावातल्या छोट्या क्लबच्या मैदानावर खेळायला येतो. पहिल्या फळीचे खेळाडू कमी, पण मुलं कुंपणाला टेकून बघू शकतात.

स्लाऊहून कुठल्या क्लबकडे जाल?

फुलहॅम: एलिझाबेथ लाइनने पॅडिंग्टन, तिथून डिस्ट्रिक्ट लाइनच्या विम्बल्डन शाखेने थेट पटनी ब्रिज. पुढे बिशप्स पार्कमधून नदीकाठाने साधारण १५ मिनिटं सपाट चाल, वाटेत बाकं आहेत. प्रीमियर लीगच्या मैदानांत लहान मुलांना घेऊन जायला मला हा रस्ता सगळ्यात आवडतो. जॉनी हेन्स स्टँड १९०५ सालचा, आर्चिबाल्ड लीचने बांधलेला, अजून लाकडी खुर्च्या. मात्र मध्ये खांब आहेत. बुकिंग करताना 'रिस्ट्रिक्टेड व्ह्यू' लिहिलेली सीट टाळा, नाहीतर नात ९० मिनिटं खांब बघेल. नदीकडचा रिव्हरसाइड स्टँड महाग आहे.

क्यूपीआर (क्वीन्स पार्क रेंजर्स): लॉफ्टस रोड. मैदान छोटं, खेळाडू हाताच्या अंतरावर. पाय ठेवायला जागा कमी आणि वरच्या मजल्याचे जिने उभे. काकूंसाठी खालचाच मजला.

रेडिंग: स्लाऊहून गाडीने सरळ. पण मैदान मुख्य स्टेशनपासून चालण्याजोगं नाही. रेडिंगला गाडी बदलून रेडिंग ग्रीन पार्क या २०२३ साली सुरू झालेल्या स्टेशनला उतरा, तिथून मैदान पायी गाठता येतं.

ब्रेंटफर्ड नकाशावर जवळ दिसतं, पण मैदान जेमतेम १७ हजारांचं, म्हणून तिकीट मोठ्या क्लबइतकंच दुर्मिळ.

आणि अगदी दाराशी स्लाऊ टाउन आहे, अर्बर पार्क. वरच्या चार लीगबाहेरचा क्लब, त्याच्या स्वतःच्या लीगची मॅच असेल तर शक्यतो गेटवर तिकीट. अशा मैदानांवर दोन्हीकडच्या समर्थकांना वेगळं ठेवलेलं नसलं, तर हाफटाइमला लोक आपल्या संघाच्या हल्ल्याच्या दिशेने एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालत जातात. मुलांना ही वरात फार आवडते. नातीला पहिल्यांदा इथे न्या. गोंगाट सोसतो का ते कळेल, न सोसल्यास दहा मिनिटांत घरी.

---

गूनर पार्लेकर

अर्सेनलबद्दल. त्यांच्या एमिरेट्स मैदानावर ६० हजारांहून जास्त जागा आहेत, तरी पुरुष संघाच्या लीग मॅचची तिकिटं खुल्या विक्रीला जवळपास येतच नाहीत. आधी वार्षिक मेंबरशिप, मग तिकिटांसाठी लॉटरी. प्रत्येक माणसाला, मुलांनाही, आपापली मेंबरशिप लागते. म्हणजे चौघांचे पैसे भरून तिकीट मिळेलच याची खात्री नाही. लॉटरी हुकली तर क्लबच्याच तिकीट एक्स्चेंजवर डोळा ठेवायचा. सीझन तिकीटवाले येऊ शकत नसले की जागा तिथे परत टाकतात. शेवटच्या दोन-तीन दिवसांत बऱ्याच येतात, पण सुट्या सुट्या. दोन शेजारी मिळतात, चार एकत्र मिळणं नशिबाचा भाग. म्हणून दोन-दोनच्या जोड्या करायची तयारी ठेवा, प्रत्येक मुलाबरोबर एक मोठं माणूस.

नातवाचा हट्ट पुरवायचा सोपा मार्ग म्हणजे अर्सेनलच्या महिला संघाची मॅच. तेच एमिरेट्स, तोच लाल शर्ट, तिकीट मेंबरशिपशिवाय, बरंच स्वस्त, आणि प्रेक्षकांत शाळकरी मुलं बरीच. शिव्या कमी, किंचाळ्या जास्त. त्यांचा हंगाम साधारण सप्टेंबर ते मे, म्हणून आल्या आल्या मेमध्ये एखादी गाठा. येताना हॉलोवे रोड स्टेशनच्या भरवशावर राहू नका, मॅचच्या दिवशी तिथे बंधनं असतात. अर्सेनल किंवा फिन्सबरी पार्क धरा.

बाहेरच्या वेबसाइटवरून किंवा मैदानाबाहेर उभ्या माणसाकडून तिकीट घेऊ नका. फुटबॉलची तिकिटं परवानगीशिवाय विकणं १९९४ च्या कायद्याने तिथे गुन्हा आहे. क्लबला कळलं की तिकीट रद्द होतं आणि मुलांसकट तुम्ही टर्नस्टाइलपाशी (प्रवेशाच्या फिरत्या फाटकापाशी) अडकता.

तिकीट काढताना इथे इथे गाडी अडते:

कार्ड: भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या अॅपमधून आधी सुरू करावे लागतात. त्यात ओटीपी भारतातल्या सिमवर येतो. रोमिंग बंद असेल तर तिकीट बास्केटमध्ये असतानाच वेळ संपते. सरळ जावयाचं कार्ड वापरा.

फोन: मोठ्या क्लबचं तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये येतं आणि टर्नस्टाइलला फोन टेकवावा लागतो. स्क्रीनशॉट चालत नाही. काही क्लब एका फोनवर चारही तिकिटं ठेवू देतात, काही प्रत्येक मोठ्याच्या फोनवर वेगळं मागतात. ते आधी वाचा. तिकीट घरच्या वायफायवर उतरवून घ्या. मैदानापाशी हजारो फोन एकदम चालू असतात, नेटवर्क लोळण घेतं.

सवलत: ज्येष्ठांची सवलत क्लबनुसार साधारण ६५ किंवा ६६ पासून. काकूंचं वय अलीकडे-पलीकडे असेल तर कोणत्या तारखेचं वय धरतात ते बघा. सवलतीचं तिकीट लावल्यावर टर्नस्टाइलवर वेगळा दिवा लागतो, स्टुअर्डला (मैदानावरच्या कर्मचाऱ्याला) लगेच कळतं. मुलाच्या तिकिटावर मोठं माणूस आत जात नाही. तान्ह्या मुलालाही तिकीट लागतं, आणि काही क्लब फार लहान मुलांना घेतच नाहीत. तुमची दोघं त्या वयाच्या पुढे आहेत.

तारीख: प्रीमियर लीगचं वेळापत्रक हंगामाआधी जाहीर होतं, पण टीव्हीसाठी शनिवार दुपारी ३ ची मॅच शनिवार साडेबारा, रविवार किंवा सोमवार रात्रीवरही ढकलतात. टीव्हीची निवड जाहीर झाल्याशिवाय पैसे परत न मिळणारं रेल्वे तिकीट काढू नका.

---

मुलुंडकर आजोबा

वा, मेमध्ये महिला संघाची मॅच आणि ऑगस्टमध्ये फुलहॅम असं डोक्यात बसतंय. आता खाण्याचं सांगा. आम्ही शाकाहारी. घरून दशम्या-चटणी नेऊ देतात का? आणि आत बसायचं कुठे?

---

वैदेही रेडिंग

दशम्या बहुतेक ठिकाणी चालतात, पण डबा स्टीलचा नको, कागदात गुंडाळा. काचेची बाटली आणि कॅन नाहीच. प्लास्टिकच्या बाटलीचं बूच दारात काढून घेतात, मग ती उघडी बाटली पिशवीत टाकता येत नाही. मुलांना आधी पाणी पाजा किंवा रिकामी बाटली न्या. पिशवी साधारण ए-फोर कागदाएवढी, काही मैदानांवर त्याहून लहान. पाठीवरची सॅक घरीच ठेवा. मैदानात एकदा गेलं की बाहेर येऊन परत आत जाता येत नाही, त्यामुळे काही विसरलं तर विसरलं. आणि आत सगळे व्यवहार कार्डाने, खिशातल्या नोटा निरुपयोगी.

आतलं शाकाहारी म्हणजे चीज-कांदा पाय (सारण भरून भाजलेला पदार्थ), चिप्स (म्हणजे आपले फ्रेंच फ्राइज), कुठे कुठे व्हेज पेस्टी. पाय गरम असतो, म्हणजे आतलं चीज अक्षरशः उकळतं असतं; मुलांना देण्याआधी मधोमध फोडून पाच मिनिटं ठेवा. चिप्सवर ग्रेव्ही ओतत असतील तर नको म्हणा, ती मांसाची असू शकते. थंडीत लोक कपातून वाफाळतं बोव्हरिल पितात. ते सूपसारखं दिसतं, पण गोमांसाच्या अर्काचं असतं. (अवांतर: ग्लॉस्टरशरचा फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्स हा क्लब २०१५ पासून पूर्ण व्हीगन खाणं देतो. स्लाऊहून लांब, पण लेक-जावई गाडीने नेणार असतील तर हरकत नाही.)

नातीसाठी कानावर बसणारे इअर डिफेंडर घ्या, बोळे नको. लहान मुलं बोळे काढून टाकतात. गोल झाला की आवाज एकदम फुटतो, दचकणं त्या क्षणाचं असतं. बऱ्याच क्लबांकडे शांत सेन्सरी रूम असते, पण तिथली जागा आधी ईमेल करून ठरवावी लागते.

गुडघ्यांचं: ऑनलाइन सीट घेण्याऐवजी क्लबच्या तिकीट ऑफिसला फोन करा आणि 'कमीत कमी पायऱ्या, रांगेच्या कडेची सीट' असं सांगा. खालच्या मजल्यात प्रवेश बऱ्याचदा मधल्या उंचीवर असतो आणि तिथून खाली उतरावं लागतं, म्हणजे पहिली रांग घेतली तर परतताना तेवढं चढणं आलं. शिवाय पुढच्या रांगांवर छप्पर पोचत नाही. ऑगस्टमध्येही पाऊस तिरका येतो. आठवी ते पंधरावी रांग बरी. छत्री आत नेऊ देत नाहीत, टोपीचं जाकीट घ्या.

---

लाइन्समन

जागेबद्दल एक गोष्ट पक्की: फॅमिली स्टँड. तिथे लहान मुलासोबतच बसायला देतात, लोक सहसा उभे राहत नाहीत, आणि मुलांच्या मनगटावर नाव-नंबरची पट्टी बांधायची सोय असते. नसेल तर घरूनच पेनाने लेकीचा मोबाइल नंबर मनगटावर लिहा. गोलपोस्टमागचा 'गाणारा' भाग टाळा, पूर्ण वेळ लोक उभे असतात आणि ६ वर्षांच्या मुलीला पाठी सोडून काही दिसत नाही.

पाहुण्या संघाच्या स्टँडचं तिकीट स्वस्त दिसेल, प्रीमियर लीगमध्ये त्यावर ३० पौंडांची मर्यादा आहे. मुलांसाठी ती जागा नव्हे. तिथेही सगळे उभे, आणि शिव्या तिथे सगळ्यात जास्त.

वानखेडेवर कुठल्याही संघाचा चाहता कुठेही बसतो, इथे तसं नाही. नातू फुलहॅमच्या भागात अर्सेनलचा शर्ट घालून बसला, किंवा अर्सेनलच्या गोलला उठून नाचला, तर स्टुअर्ड बाहेर काढू शकतात. लहान मूल आहे म्हणून सहसा समजावून सोडतात, पण शेजारी काकांचा चेहरा सोसवणार नाही. साधे कपडे घाला. खेळाच्या हिरवळीवर पाऊल टाकणं १९९१ च्या कायद्याने गुन्हा आहे, गोलच्या आनंदातही. दोन्ही संघांचं अर्धं-अर्धं मफलर बाहेर विकतात, तिथले जुने लोक त्याला नाकं मुरडतात. मुलाला आवडलं तर घ्या, कुणी मारत नाही.

बिअर पीत बसलेले लोक मैदान दिसणाऱ्या जागी नसतात. पुरुषांच्या वरच्या पाच पातळ्यांच्या मॅचना खेळ दिसेल अशा ठिकाणी दारू पिणं १९८५ पासून बंद आहे. म्हणून हाफटाइमला सगळी गर्दी आतल्या मार्गिकेत एकदम लोटते. १५ मिनिटांत टॉयलेट, खाणं आणि परत, चौघांना जमत नाही. मुलांना ४० व्या मिनिटाला टॉयलेटला न्या, खाणं मॅचआधी. गेट दीड-दोन तास आधी उघडतात, तासभर आधी आत असलात की धावपळ नाही.

कुणी वंशद्वेषी बोललं तर वाद घालत बसू नका. क्लबचा मेसेज नंबर मोठ्या पडद्यावर किंवा तिकिटाच्या माहितीत असतो. त्यावर ब्लॉक, रांग, सीट नंबर पाठवा, स्टुअर्ड तिथे येतात. 'किक इट आउट' या संस्थेकडे नंतरही तक्रार करता येते.

---

थेम्सकाठचा

लाइन्समनशी सहमत, टॉयलेटबद्दल तर १०० टक्के. ट्यूबचं (लंडनच्या मेट्रोचं) राहिलं होतं: ११ वर्षांखालचं मूल मोठ्या माणसाबरोबर ट्यूबमध्ये फुकट, म्हणजे नात फुकट. नातवाला ११ पूर्ण असतील तर त्याचं भाडं लागेल. लेकीला सांगा, त्याचं झिप ऑयस्टर कार्ड (मुलांचं सवलतीचं प्रवास कार्ड) आत्ताच मागवा. अर्ज करून कार्ड टपालाने यायला वेळ लागतो. तुम्हा दोघांना वेगवेगळं कार्ड टेकवावं लागेल, एकाच कार्डावर दोघं जाता येत नाही.

फुलहॅमहून परतताना मॅच संपताच पटनी ब्रिज स्टेशनबाहेर रांग लागते. ८५ व्या मिनिटाला निघायचा मोह होईल, पण नातू आयुष्यभर ऐकवेल, कारण गोल नेमका तेव्हाच होतो. शेवटपर्यंत बसा, मग बिशप्स पार्कात वीसेक मिनिटं दशम्या खा, तोवर रांग आटोपते.