मदत हवी आहे : गावच्या ग्रुपवर कात्री कुठे लावू?

मंडळी, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा मी ॲडमिन, म्हणजे फुकटचा पाटील. परवा एकाने 'पोरं पळवणारी टोळी आलीय' असा व्हिडिओ टाकला. मी तो लगेच उडवला. आम्ही धुळे जिल्ह्यातले. १ जुलै २०१८ ला राईनपाड्यात अशाच अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला, ते विसरता येत नाही. व्हिडिओ उडवला तेव्हा कुणी हरकत घेतली नाही.

पण आता एकाने नळाच्या कामावरून सरपंचांना झोडपलंय. भाषा शिवराळ, प्रश्न मात्र खरा. 'हेही काढा' म्हणून मला फोनवर फोन. शिव्या गाळून बाकीचं ठेवावं, तर ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज फक्त उडवता येतो, दुरुस्त करता येत नाही.

सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिनला सरसकट जबाबदार धरता येत नाही, असं नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय. म्हणजे भीती कोर्टाची नाही, पारावरच्या तोंडांची आहे.

तुमच्या ग्रुपवर अफवा आणि टीका यांच्यासाठी वेगळे नियम आहेत का? उडवण्याआधी त्या माणसाला फोन करता का? लिहिलेले नियम असतील तर इथे टाका ना. सध्या तो मेसेज तसाच ठेवलाय, आणि सरपंच आमचे चुलते आहेत.