पक्क्या टेलपीसच्या गिटारला व्हायब्रेटो बसवावा का, आणि बसवल्यास ती सुरात राहील का?

प्रश्न

माझ्याकडे लेस पॉल धाटणीची इलेक्ट्रिक गिटार आहे. तिचा दर्शनी भाग किंचित फुगीर आहे, ब्रिज (तारांना बॉडीवर आधार देणारा भाग) ट्यून-ओ-मॅटिक पद्धतीचा आहे आणि तारा त्यामागच्या पक्क्या टेलपीसमध्ये (तारांची टोके धरून ठेवणाऱ्या धातूच्या भागात) अडकवलेल्या आहेत. गिटार सुरात उत्तम राहते आणि तिच्या आवाजाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तरीही संथ चालीचे काही वाजवताना एक उणीव सतत जाणवते. बोटाने तार ताणली की स्वर फक्त वर चढतो. मूळ स्वराच्या खाली जाऊन हळूच परत येणे, वाजत्या कॉर्डला सबंध आंदोलन देणे किंवा मोकळ्या तारेवर मींड घेणे हे नुसत्या बोटांनी सहजासहजी साधत नाही. म्हणून व्हायब्रेटो, म्हणजे आर्म नावाची दांडी हलवून सर्व तारा एकदम सैल किंवा ताठ करणारी यंत्रणा, बसवण्याचा विचार आहे.

तारा पार ढिल्या करून पुन्हा वर आणण्याचे नाट्यमय प्रकार मला करायचे नाहीत. अर्ध्या स्वराइतकी हालचाल मिळाली तरी पुरे आहे. शक्यतो बॉडीला नवीन भोके पाडायची नाहीत, म्हणजे पुढे कधी वाटले तर सर्व पूर्ववत करता येईल. अशा गिटारला कोणते युनिट योग्य ठरेल, त्यासोबत आणखी काय बदलावे लागेल, आणि "व्हायब्रेटो आला की सूर गेले" असे जे सर्रास म्हटले जाते त्यात कितपत तथ्य आहे, याबद्दल जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आपली अपेक्षा अर्ध्या स्वरापुरती असल्यामुळे निवड बरीच सोपी होते. फ्लॉइड रोझ किंवा स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीचे, ब्रिजसकट हलणारे व्हायब्रेटो बसवायचे तर बॉडीचे लाकूड खोलवर कोरावे लागते. फुगीर दर्शनी भागाच्या गिटारवर ते काम मागाहून करून घेणे म्हणजे चांगल्या वाद्याची वाट लावणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्यासाठी ब्रिज जागेवर ठेवून फक्त टेलपीस बदलणारी युनिटे पाहावीत, आणि त्यांत पहिले नाव अर्थातच बिग्सबीचे येते. त्यात तारा एका आडव्या दांड्यावरच्या खुंट्यांना अडकवतात, आर्म त्या दांड्याला जोडलेला असतो आणि आर्मखाली एक उभी स्प्रिंग असते. आर्म दाबला की दांडा थोडासा फिरून तारा सैल होतात, आणि उचलला की ताणल्या जातात. याचा पल्ला मुळातच लहान असतो, पण संथ आंदोलनासाठी नेमका तोच उपयोगी पडतो, कारण हाताच्या मोठ्या हालचालीला स्वराची लहान हालचाल मिळते आणि त्यामुळे नियंत्रण बारीक राहते.

मॉडेल निवडताना मात्र काळजी घ्यावी. बी5 हे टेलिकास्टर किंवा एसजीसारख्या सपाट बॉडीसाठी आहे आणि ते थेट वरच्या पृष्ठभागावर स्क्रूने बसते. बी3 आणि बी6 ही मुख्यतः पोकळ गिटारसाठी असून त्यांत तारा खाली दाबून धरणारी पुढची आडवी दांडी नसते. फुगीर लेस पॉलसाठी आणि मध्ये भरीव ठोकळा असलेल्या अर्धपोकळ गिटारसाठी बी7 आहे. गायक-गिटारवादक नील यंग यांच्या काळ्या रंगवलेल्या 1953 च्या लेस पॉलवर बिग्सबीच आहे, त्यामुळे ही जोडी काही नवखी नाही.

बी7 जसे येते तसे बसवले तर समोर आणि शेपटीकडच्या बाजूला स्क्रूची भोके पडतात. ती टाळायची असतील तर टेलपीसच्या जुन्या स्टडवरच (टेलपीस धरणाऱ्या दोन जाड स्क्रूंवरच) युनिट बसवू देणारी व्हायब्रामेटसारखी जोडपट्टी घ्यावी, किंवा मुळातच त्या स्टडवर बसण्यासाठी घडवलेले ड्यूसेनबर्गचे लेस ट्रेम घ्यावे. लेस ट्रेम आकाराने आटोपशीर आहे आणि बसवायला फारसा वेळ लागत नाही. दिसण्याचा मोह नसेल तर मी तेच सुचवेन. बिग्सबीचा डौल मात्र त्याला नाही, हेही मान्य करतो.

आवाजात थोडा फरक पडतोच. टेलपीसची धातूची मात्रा बदलते आणि ब्रिजमागे तारेचा लांब तुकडा मोकळा राहतो. तो तुकडा कधीकधी आपल्याआपण घुमतो. कर्कश वाटलाच तर तिथे लोकरीच्या कापडाची पट्टी गुंफली की काम भागते.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादातील निवडीशी मी सहमत आहे, पण सुरांचा प्रश्न युनिटच्या निवडीने सुटत नाही, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

सूर बिघडण्याची भीती व्हायब्रेटोच्या जन्मापासूनची आहे. गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस यांच्या गिटारवर आधी बसवलेला कॉफमन व्हायब्रोला हा जुना व्हायब्रेटो सुरात परत येत नसे, आणि ती अडचण सोडवण्याच्या खटपटीतूनच पॉल बिग्सबी यांनी आपली यंत्रणा तयार केली. म्हणजे दांडा आणि स्प्रिंग यांचा भाग तेव्हाच बऱ्यापैकी मार्गी लागला होता. आज जी गिटार व्हायब्रेटोमुळे बेसूर होते, तिच्यात दोष बहुतेक वेळा टेलपीसमध्ये नसून नट (मानेच्या खुंट्यांकडच्या टोकाची खाचांची पट्टी) आणि ब्रिज यांच्या खाचांत असतो.

कारण असे की तारेची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलते. स्वर अर्ध्याने उतरवायचा तर ताण सुमारे 11 टक्क्यांनी कमी करावा लागतो, पूर्ण स्वरासाठी सुमारे 21 टक्क्यांनी. ताण बदलला की तार नटच्या खाचेतून आणि ब्रिजच्या सॅडलवरून (तार टेकते त्या तुकड्यावरून) अगदी थोडी का होईना सरकते. सरकून ती तंतोतंत मूळ जागी परत आली तर सूर टिकतो आणि वाटेत कुठे अडकली तर बिघडतो. किती लहान अडथळा पुरतो ते पाहा. दहाच्या संचातील (पहिली तार 0.010 इंच जाडीची असलेल्या) तिसऱ्या तारेवर साधारण सात किलोंचा ताण असतो. तिथे नटच्या दोन बाजूंच्या ताणांत चाळीसेक ग्रॅमचा फरक अडकून राहिला तरी स्वर पाच सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) हलतो, आणि कॉर्डमध्ये तेवढा फरक चांगल्या कानाला खटकतो.

दोष कुठे आहे हे शोधण्याची एक साधी कसोटी आहे. ट्यूनर जोडून तार नीट मिळवावी, आर्म पूर्ण दाबून सावकाश सोडावा आणि सुई पाहावी. तार चढी राहिली तर ती नटमध्ये अडकते आहे. आर्म दाबल्यावर तार थोडी हेडस्टॉकच्या (खुंट्या असलेल्या टोकाच्या) बाजूला ओढली गेली आणि सोडल्यावर परत आली नाही, असा त्याचा अर्थ आहे. तार उतरी राहिली तर अडथळा ब्रिजच्या सॅडलवर आहे. ही कसोटी प्रत्येक तारेवर स्वतंत्रपणे करावी. आपल्या धाटणीच्या हेडस्टॉकवर तिसरी आणि चौथी तार नटमधून बाहेर पडताना सर्वाधिक तिरपी वळते, म्हणून पहिला संशय त्या दोघींवरच घ्यावा. तार मिळवताना खुंटी फिरवूनही सुई हलत नाही आणि मग एकदम "टिंग" असा बारीक आवाज येऊन स्वर उडी मारतो, असे होत असेल तर कसोटीचीही गरज नाही. ती खाच तारेला चिमटून धरत आहे.

उपाय स्वस्त गोष्टींपासून सुरू करावा. खाचेत मऊ पेन्सिलीचे शिसे घासल्याने किती फरक पडतो ते आधी पाहावे. फरक पडला पण पुरेसा नसेल, तर तारेच्या जाडीला साजेशी कानस लावून खाच किंचित रुंद आणि तळाशी गोल करून घ्यावी. खोली मात्र अजिबात वाढू देऊ नये, कारण खाच खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरते आणि नटच बदलावा लागतो. हे काम हात बसलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावे. खुंटीवर तारेचे वेढेही कमी ठेवावेत, कारण सैल वेढे ताण बदलताना आवळले-सुटले की सूर हलतो. लॉकिंग पेग (तार चिमटून धरणाऱ्या खुंट्या) असतील तर हा प्रश्न उरत नाही.

ब्रिजबाबत लोक लगेच रोलर ब्रिजकडे (खाचांऐवजी फिरती चाके असलेल्या ब्रिजकडे) धावतात, आणि बिग्सबीच्या पुढच्या दांडीमुळे तारा ब्रिजवर फार तीव्र कोनात वळत असतील तर त्याचा उपयोग होतो हे खरे आहे. तथापि स्वस्त रोलर फिरतच नाहीत किंवा विशिष्ट स्वरावर खुळखुळतात, असेही पुष्कळदा दिसते. मूळ ब्रिजच्या खाचा गुळगुळीत असतील तर आधी त्याच्यावरच वाजवून पाहावे.

प्रतिसाद ३

थोडे विरोधी मत मांडतो. आपली गिटार सुरात उत्तम राहते आणि आवाजही आवडतो, असे आपणच लिहिले आहे. पक्क्या टेलपीसचे काही गुण व्हायब्रेटो बसवताच जातात. दोन तारांपैकी एक स्थिर ठेवून दुसरी बोटाने ताणली, तर स्प्रिंग किंचित दबते आणि स्थिर तार उतरते. वादनात अशा जोड्या वारंवार येत असतील तर ते नक्की जाणवते. एखाद्या तारेची मिळवणी बदलली की बाकीच्या पुन्हा मिळवाव्या लागतात, आणि ऐन वादनात तार तुटली तर उरलेल्या पाचही चढतात. शक्य असल्यास व्हायब्रेटो असलेली दुसरी गिटार काही काळ वापरून पाहावी आणि मगच निर्णय घ्यावा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. दोन तारांची जी अडचण वर सांगितली आहे तिचा मी विचार केला, पण माझ्या वादनात तशा जोड्या क्वचितच येतात, त्यामुळे ती मला चालण्यासारखी आहे. पक्क्या टेलपीसवर आर्म नाही, तरीही तार बोटाने ताणून सोडून नटची कसोटी घेता येते का ते पाहिले. तिसरी तार सोडल्यावर स्पष्टपणे उतरी राहते. याचा अर्थ दोष ब्रिजमध्ये आहे असा घ्यायचा का? तसेच जुना टेलपीस काढल्यावर गिटारमध्ये गुणगुण सुरू होते असे वाचले आहे, त्याचे कारण काय असावे?

प्रतिसाद २ चे लेखक

बोटाने तार ताणल्यावर दिशा उलटी होते. ताणताना हेडस्टॉककडची तार नटमधून आत ओढली जाते, आणि सोडल्यावर ती परत बाहेर गेली नाही तर तार उतरी राहते. त्यामुळे आपल्या बाबतीत नटचीच शक्यता अधिक आहे. खात्री करायची असल्यास नटच्या मागे, हेडस्टॉकच्या बाजूला, त्या तारेवर बोटाने हलका दाब देऊन सोडावा. स्वर लगेच चढून जागेवर आला तर शंका उरत नाही. नट आत्ताच दुरुस्त करून घ्यावा. युनिट नंतर बसवले काय किंवा न बसवले काय, त्याचा फायदाच होईल.

प्रतिसाद ४

गुणगुणीबद्दल सांगतो. आपल्या प्रकारच्या गिटारमध्ये तारांची अर्थिंगची वायर आतल्या बाजूने टेलपीसच्या एका स्टडच्या बुशपर्यंत (स्टड ज्यात बसतो त्या धातूच्या नळीपर्यंत) आणलेली असते. टेलपीस काढून स्टड रिकामे ठेवले आणि बिग्सबी शेपटीकडे स्क्रूने बसवले, तर तारांचा त्या वायरशी संबंध तुटतो आणि पिकअपमधून गुणगुण ऐकू येऊ लागते. स्टडवरच बसणाऱ्या युनिटमध्ये धातूला धातू लागून जोडणी आपोआप टिकते, हा त्याचा मोठा फायदा आहे. बसवून झाल्यावर मल्टिमीटरचे एक टोक तारेला आणि दुसरे जॅकच्या बाहेरच्या धातूला लावून पाहावे. बीप वाजला की जोडणी नीट आहे. काही स्टडवर जाड लॅकर असते आणि तेवढ्यानेही संपर्क तुटतो, म्हणून आवाज आलाच तर आधी तिथे पाहावे.

बिग्सबीच घेणार असाल तर तारा बदलण्याचा वैताग गृहीत धरावा. तारेच्या टोकाची कडी दांड्यावरच्या छोट्या खुंटीत अडकवायची आणि दुसरीकडे पेग फिरवायचा, तोवर ती कडी निसटून पडते. कडीजवळचा भाग आधीच पक्कडीने अर्धगोल वाकवून घ्यावा आणि दांड्याखाली स्पंजचा तुकडा घट्ट खुपसावा, म्हणजे कडी जागेवर राहते. तार सुरात आल्यावर स्पंज काढून घ्यावा.

वादनाबद्दलही दोन गोष्टी सांगतो, कारण मूळ प्रश्न त्यासाठीच होता. सर्व तारा सारख्याच अंतराने सैल होत असल्या तरी स्वर सारखे उतरत नाहीत. प्रत्येक तारेच्या पोलादी गाभ्याची जाडी वेगळी असल्याने ताणातला बदल वेगळा पडतो, आणि साध्या तारांपैकी तिसरी सर्वांत जास्त उतरते. म्हणून कॉर्डला दिलेले आंदोलन लहान ठेवावे. ते मोठे केले की कॉर्ड आतून विस्कटतो. याउलट एकल स्वराला मोठी मींड शोभते. आर्म आधी थोडा दाबून ठेवावा, मग तार छेडावी आणि आर्म सावकाश वर येऊ द्यावा, म्हणजे स्वर खालून उगवल्यासारखा येतो. छेडताना व्हॉल्यूमचा नॉब करंगळीने शून्यावर ठेवून नंतर उघडला तर तारेवरचा आघातही झाकला जातो. गिटारवादक जेफ बेक उजव्या हाताच्या बोटांनी तारा छेडत आणि आर्म त्याच हातात खेळवत ठेवत. पिक सोडून तसे वाजवून पाहिल्यास आर्मकडे हात न्यायला वेळच लागत नाही.

सूर टिकवण्यासाठी आणखी एक सवय लावून घ्यावी. आर्मची शेवटची हालचाल नेहमी एकाच दिशेची ठेवावी, उदाहरणार्थ दाबून सोडणे, आणि तारा मिळवतानाही प्रत्येक वेळी तसेच करून मग ट्यूनर पाहावा. नटमध्ये उरलेले थोडेफार घर्षण मग रोज त्याच बाजूला राहते आणि मिळवणीत आपोआप जमेस धरले जाते. आर्म हाताला फार उंच किंवा फार खाली वाटला तर तो वाकवू नये. बिग्सबीसाठी कमी-अधिक उंचीच्या स्प्रिंगा वेगळ्या मिळतात. तारा सैल करून स्प्रिंग बदलावी, आणि तिच्याखालची छोटी वॉशर हरवू देऊ नये.