मदत हवी आहे : जर्मनीच्या प्रवेशासाठी सीजीपीएचं रूपांतर

नमस्कार मंडळी, आम्ही नागपूरला मानेवाड्यात राहतो. धाकट्या बहिणीचं इंजिनिअरिंग यंदा झालं, आता तिला एमएससाठी जर्मनीला अर्ज करायचा आहे. सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरची मिळून सरासरी) १० पैकी ७.१.

आधी आम्ही सगळ्या सेमिस्टरच्या एसजीपीएची (म्हणजे त्या-त्या सेमिस्टरच्या सरासरीची) सरळ सरासरी काढत होतो. ते चूक. प्रत्येक विषयाचा ग्रेड पॉइंट गुणिले त्याचे क्रेडिट (म्हणजे विषयाचं वजन), सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट, असं करावं लागतं. १८ क्रेडिटला ६.५ आणि २२ क्रेडिटला ८ असेल तर सरासरी ७.२५ नाही, ७.३२५ येते. हे समजलं.

अडलंय पुढे. आपले गुण जर्मन श्रेणीत बदलायला तिकडे सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात : कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांमधल्या फरकाने भागायचं, तीनने गुणून एक मिळवायचा. तिकडे १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. आता तिच्या गुणपत्रिकेत विषय पास व्हायला ४ ग्रेड पॉइंट लागतात, पण मागच्या बाजूला पदवीसाठी किमान सीजीपीए ५ छापलाय. ४ धरला तर २.४५ येतात, ५ धरला तर २.७४. तिला हव्या असलेल्या कोर्सची अट २.५ आहे, म्हणजे सगळं या एका आकड्यावर अडून आहे. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही हो.

कॉलेजच्या कार्यालयात दोनदा गेलो, दोन वेगळी उत्तरं मिळाली.

नागपूरहून गेलेल्या कोणी किमान गुण कोणते धरले? विद्यापीठाकडून तसं पत्र घेतलं होतं का, आणि अर्ज नेमका कोणत्या विभागात दिला?